दाह दाबला की कर्करोग टळला?
‘दाहातूनच (शरीरातल्या सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेतूनच) कर्करोग होतो, तेव्हा दाह दाबा की झालं’ हे मत जरा घाईचं वाटतं. दाह आणि कर्करोग यांच्यामधला दुवा बघा ना. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी-पेशींत, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पेशींत, सापडलं (नावातला ‘बी’ तिथलाच). एरवी ते आयकप्पाबी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं, गप्प असतं. टीएनएफसारखा (हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन) निरोप आला की आयकेके हे विकर आयकप्पाबीवर फॉस्फेटची खूण करतं, मग त्याला युबिक्विटिन (‘हे मोडा’ अशी चिठ्ठीच) चिकटतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र आयकप्पाबीचा फडशा पाडतं. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं: दाह वाढवणारी आणि पेशीला मरू न देणारीही. गंमत म्हणजे त्यात आयकप्पाबीचं जनुकही असतं, म्हणजे लगाम पुन्हा कसला जातो. दाह वर्षानुवर्षं धुमसत राहिला की हा लगाम पुरत नाही.

२००४ चा उंदरांवरचा प्रयोग मला फार आवडतो. दाहातून आतड्याचा कर्करोग होणाऱ्या उंदरांत, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून आयकेके-बीटा (आयकेकेचाच एक भाग) काढलं. कर्करोगाच्या गाठींची संख्या खूप घटली, पण दाह कमी झालाच नाही! तेच मायलॉइड पेशींतून (दाह पेटवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींतून) काढलं, तेव्हा गाठी लहान राहिल्या.

त्यामुळे ‘हळदीचं दूध प्या, एनएफ-कप्पा-बी बंद’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: कुठल्या पेशीतलं?