मदत हवी आहे : तैलरंगात रोज काम करण्याचा नेम सतत मोडतो आहे

कृष्णकमळ

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर मी तैलरंगात रोज एक चित्र करण्याचा नेम धरला होता आणि मार्च संपेपर्यंत तो बऱ्यापैकी चालला. त्यानंतर यजमानांची बदली झाली, घर बदलले, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि पाऊस सुरू झाल्यापासून तर आठवड्यात एक चित्रही पुरे होत नाही. चित्रावरचा रंग वाळायला हवा तेव्हा वाळत नाही, आणि पॅलेटवर काढून ठेवलेला रंग मात्र दोन दिवस हात लागला नाही की साय धरतो. जो काही वेळ मिळतो तो मांडण्यात आणि आवरण्यातच संपतो. पहाटे उठा, मनाचा निग्रह वाढवा, मोबाइल दूर ठेवा असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. नोकरी आणि घर सांभाळून ज्यांनी तैलरंगातच रोजचे काम टिकवले आहे, त्यांनी नेमके काय केले तेवढे सांगावे. या आठवड्यात सामानाची मागणी नोंदवायची असल्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर उपकार होतील.

दगडी_पाटी

तुम्ही अडचण सांगितली आहे, परंतु जिच्यावरून उत्तर देता येईल अशी माहिती दिलेली नाही. चित्राचा आकार काय, कॅनव्हास की बोर्ड, रंग कशाने पातळ करता, कोणत्या वेळी आणि घरात कुठे बसता, सामान मांडलेले ठेवता येते की रोज उचलावे लागते, आणि गाव कोणते? पुण्यातला पावसाळा आणि कोकणातला पावसाळा हे तैलरंगाच्या बाबतीत अगदी वेगळे प्रश्न आहेत.

सायंछाया

माझे स्पष्ट मत आहे की तुमच्या परिस्थितीत तैलरंग हे माध्यमच चुकीचे आहे. मी स्वतः कित्येक वर्षांपूर्वी ॲक्रिलिककडे वळले आणि आता रोज अर्ध्या तासात चित्र पुरे करून, कुंचले नळाखाली धुऊन झोपायला जाते. ॲक्रिलिक नको असेल तर गुआश, म्हणजे पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग, वापरून पाहा. माध्यमाचा हट्ट सोडला की नेम आपोआप टिकतो.

कृष्णकमळ

सायंछाया, आभारी आहे, परंतु माध्यम बदलू का, असा माझा प्रश्न नव्हता. दोन रंग चित्रावरच एकमेकांत मुरवत नेण्याची जी सवड तैलरंग देतो, तिच्यासाठीच मी तो निवडला आहे, आणि मिनिटभरात सुकणाऱ्या रंगात मला ते साधत नाही.

दगडी_पाटी, आम्ही चिपळूणला आहोत. आकार बारा बाय सोळा इंच, ताणलेला कॅनव्हास. रंग कॅम्लिनचे, सोबत जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन. रात्री साडेनऊनंतर बाहेरच्या खोलीत बसते. सकाळी तिथे शिकवणीची मुले येतात, म्हणून सगळे उचलावे लागते.

खडूफळा

बारा बाय सोळा हा रोजचा आकार होऊच शकत नाही. ज्या प्रथेवरून बहुधा तुम्हीही प्रेरणा घेतली असेल, ती इंटरनेटवर रुजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनियाचे चित्रकार ड्युएन कायझर. त्यांनी डिसेंबर 2004 मध्ये रोज एक चित्र करून ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा आकार पोस्टकार्डाएवढा ठेवला होता. लिंबू, अंड्याचे कवच, अर्धवट खाल्लेला पाव असा एकच विषय एका बैठकीत, ओल्यावर ओले, म्हणजे खालचा रंग वाळण्याआधीच त्यावर रंग देत, असा संपवायचा. ही मर्यादा चित्रकाराच्या आळसातून आलेली नसून त्या पद्धतीचा तो आधारच आहे. तुम्ही पाच बाय सात इंचांवर या, एका वेळी एकच वस्तू घ्या, आणि मग मात्र एकही दिवस चुकवू नका. माझ्या अनुभवात एक दिवस सुटला की दुसरा सुटायला वेळ लागत नाही.

वाऱ्यावरची_वरात_नाही

खडूफळा यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझा तीव्र विरोध आहे. घरात बदली आणि सासूबाई राहायला आलेल्या असताना एखाद्या व्यक्तीला 'एकही दिवस चुकवू नका' असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणे होय. अमूर्त चित्रे करणारे वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करत, म्हणून त्यांची साधना कमी होती असे कोणी म्हणेल काय? चित्राकडे नुसते पाहत बसणे हेही कामच आहे. आठवड्यातून दोन दिवस सलग तीन तास मिळवा आणि बाकीचे दिवस मन मोकळे ठेवा.

खडूफळा

गायतोंडे यांचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण त्यांनी संसार मांडला नव्हता आणि दिल्लीला निजामुद्दीनच्या त्यांच्या खोलीत कोणाची शिकवणी भरत नव्हती. शिवाय त्यांचेच उदाहरण घ्यायचे तर पुरे घ्यावे. 1984 साली अपघात झाल्यावर मोठे कॅनव्हास करणे अशक्य झाले, तेव्हा पुढची काही वर्षे त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली. शरीराने अडवले तेव्हा त्यांनी आकार बदलला आणि साधन बदलले, पण हात थांबू दिला नाही. मी नेमके तेच सुचवतो आहे. सलग तीन तास मिळवा हे सांगणे सोपे आहे. ज्या घरात ते मिळत नाहीत, त्या घरासाठीच हा धागा आहे.

वाऱ्यावरची_वरात_नाही

हात थांबू न देणे आणि रोज एक पूर्ण चित्र करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. रोज पॅलेटवर दोन रंगांच्या मिश्रणाच्या दहा छटा लावणे, किंवा कालच्या चित्रातली एक कड मऊ करणे, यालाही रोजचा सराव मानावे. पूर्ण चित्राची अट काढली तर निम्मे ओझे उतरेल.

दगडी_पाटी

तुम्हा दोघांचे बोलणे मोलाचे आहे, पण मूळ अडचण सामानाची दिसते, म्हणून तिच्याकडे वळतो.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि दमट, कोंदट, कमी उजेडाच्या जागी ही क्रिया मंदावते. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी असते. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर या तपकिरी रंगांत मँगनीज असल्यामुळे ते लवकर वाळतात. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियमचे रंग, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमझन हे रेंगाळतात. पावसाळ्यात खालचा थर अंबरचा आणि पातळ ठेवला, तर दुसऱ्या बैठकीपर्यंत तो बहुधा तयार असतो. याहून घाई असेल तर लिक्विनसारखे अल्किड माध्यम थोडेसे मिसळावे. पातळ थर साधारण दिवसभरात हात लावण्याजोगा होतो.

पॅलेटवरचा रंग टिकवायचा असेल तर रंगाचे गोळे हवाबंद चपट्या डब्यात ठेवावेत आणि झाकणाच्या आतून कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब लावावेत. त्या वाफेने साय धरणे लांबते. डबा उघडला की काम सुरू आणि मिटला की आवरले, अशी सोय झाली तर तुमची बरीच मांडामांड वाचेल. खिडकी उघडी ठेवून बसता ना?

कृष्णकमळ

डब्याची कल्पना फार उपयोगी आहे. खिडकी मात्र उघडता येत नाही. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यांना दम्याचा त्रास आहे आणि पावसाळी हवा आत आली की खोकला वाढतो. लिक्विनची मोठी बाटली घेऊ की लहान?

दगडी_पाटी

कोणतीच घेऊ नका, आणि टर्पेंटाइनही आजपासून त्या खोलीत उघडू नका. ही माहिती पहिल्याच प्रश्नात असती तर वरचा अर्धा सल्ला मी दिलाच नसता. बंद खोलीत दम्याच्या रुग्णाशेजारी टर्पेंटाइनची वाफ ही साधी गैरसोय नाही, तिने धाप लागू शकते. लिक्विनमध्येही पेट्रोलियमजन्य द्रावक, म्हणजे रंग पातळ करणारा आणि वाफ होऊन उडणारा द्रव, असतो. दुकानदार 'बिनवासाचा थिनर' पुढे करील. त्याचा वास कमी असतो, वाफ असतेच. लवंगेच्या तेलाचा उग्र वासही त्यांना सोसेल असे धरून चालू नका. हवाबंद डबा तेवढा ठेवा आणि तो रात्री फ्रीजमध्ये, अन्नापासून वेगळ्या, घट्ट पिशवीत ठेवा. गारव्याने रंग मंद वाळतो.

शेवाळ

द्रावकाशिवाय तैलरंगात काम करणे पूर्णपणे शक्य आहे, हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्या घरी तान्हे बाळ असताना मी तसेच केले. रंग नळीतून निघतो तेवढ्याच दाटपणाने वापरायचा, फार तर जवसाच्या तेलाचा थेंब. उजळ, मधल्या आणि गडद छटांसाठी वेगवेगळे कुंचले ठेवायचे, म्हणजे मध्येच धुण्याची वेळ येत नाही. शेवटी कुंचला चिंधीने घट्ट पुसायचा, करडईच्या तेलात बुडवून पुन्हा पुसायचा आणि मग अंगाच्या साबणाच्या वडीवर घासून कोमट पाण्याने धुवायचा. स्वयंपाकघरातले शेंगदाणा तेल यासाठी घेऊ नका. ते वाळणारे तेल नसल्यामुळे केसांत राहिले तर पुढच्या चित्राचा रंग चिकट राहतो.

याहूनही सोपा उपाय म्हणजे पॅलेट नाइफ. सबंध चित्र सुरीनेच करायचे ठरवले तर आवरण्याचे काम कागदाने पाते पुसण्याइतकेच उरते. लहान आकारावर सुरी अवघड जाते असे म्हणतात. अर्ध्या इंची पात्याची सुरी घेतली तर जात नाही. पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात, उदाहरणार्थ विन्सर अँड न्यूटनचे आर्टिझन. तेलातच पायसकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळू देणारा पदार्थ, घातलेला असल्यामुळे कुंचले पाण्याने धुता येतात. ते परदेशी असल्याने महाग पडतात, म्हणून हातचे कॅम्लिन संपेपर्यंत मी ते सुचवणार नाही.

घाण्याचे_तेल

जवसाच्या तेलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. दुकानातल्या लहान बाटलीला एवढे पैसे देण्यापेक्षा लाकडी घाण्यावरचे जवसाचे तेल घ्यावे. ते शुद्ध असते आणि आमच्या घरी रोज एक चमचा पोटातही घेतले जाते. 

शेवाळ

पोटात घेण्याविषयी मी बोलणार नाही, परंतु चित्रासाठी हा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये. घाण्यावरच्या ताज्या तेलात चिकट गाळ असतो. जुन्या काळी चित्रकार ते पाण्याने पुनःपुन्हा धुऊन, उन्हात निवळवून मगच वापरत. खाण्याच्या काही तेलांत टिकण्यासाठी जीवनसत्त्व ई घातलेले असते आणि त्याने वाळणे आणखी लांबते. पावसाळ्यात चिपळूणला हे नको.

घाण्याचे_तेल

धुऊन निवळलेले तेल पूर्वी चालत होते हे आपणच मान्य करता, मग दोष तेलाचा नाही, धीराचा आहे. उन्हाळ्यात ते करून ठेवता येईल.

दगडी_पाटी

उन्हाळ्यात अवश्य करावे. प्रश्न याच आठवड्याचा आहे. शेवाळ यांची पद्धत मला पटते, पण तिच्यासोबत एक सूचना सक्तीने पाळायला हवी, कारण द्रावक बंद झाला की तेलाच्या चिंध्या वाढतात. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून पिशवीत किंवा कोपऱ्यात ठेवल्या तर प्राणवायू घेताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपल्यावर चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात. घरात झोपलेली आजारी व्यक्ती असताना यात ढिलाई नको.

झुंबर

रात्री साडेनऊ म्हणजे दिव्याच्या उजेडात काम, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच थंड किंवा भडक दिसतो, आणि मग तो दुरुस्त करण्यात पुढची रात्र जाते. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी माप) नव्वदच्या वर आणि रंगतापमान पाच हजार केल्विनच्या आसपास असलेला एलईडी दिवा घ्यावा, आणि तोच दिवा पॅलेट व चित्र दोन्हींवर सारखा पडेल असा लावावा. मी पेशाने प्रकाशयोजनेत आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

वाऱ्यावरची_वरात_नाही

जागा बदलता येईल का? स्वयंपाकघराचा ओटा रात्री मोकळा असेल तर बाहेरची खोली सोडूनच द्या. इटलीत बोलोन्याचे जॉर्जो मोरांदी आयुष्यभर आई-बहिणींसोबतच्या घरात, स्वतःच्या झोपण्याच्या खोलीतच चित्रे करत राहिले. त्याच त्या बाटल्या आणि डबे त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. रोज नवा विषय शोधण्याचा वेळही त्यामुळे वाचतो. फडताळातली दोन भांडी महिनाभर पुरतील.

खडूफळा

या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, आणि रोज पूर्ण चित्र हवेच असा आग्रह यांच्या परिस्थितीत धरणार नाही. रोज डबा उघडला जावा, एवढा मात्र धरीन.

कृष्णकमळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. टर्पेंटाइनची बाटली आजच बाहेरच्या कपाटात हलवली आणि झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. सहा बाय आठचे जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तर-लेप) लावलेले बोर्ड, अर्ध्या इंची सुरी, रॉ अंबर आणि झुंबर यांनी सांगितलेला दिवा एवढीच मागणी नोंदवते आहे. जागा म्हणून ओट्याचे शेवटचे टोक ठरले. तिथून सासूबाईंची खोली दूर आहे आणि खिडकीही उघडता येते. स्वयंपाकाच्या जागी रंग म्हणून विषारी कॅडमियमच्या दोन नळ्या बाजूला काढल्या आहेत, आणि काम झाल्यावर ओटा साबणाने धुतला जाईल. आता एकच विचारायचे आहे : ओले बोर्ड ठेवायचे कुठे? कपाटात ठेवले तर गेल्या आठवड्यात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी आली.

दगडी_पाटी

बंद कपाटात ठेवूच नका. बुरशीखेरीज दुसरे कारण असे की जवसाचे तेल अंधारात वाळताना अधिक पिवळे पडते. उजेडात ठेवल्यावर ते पिवळेपण बरेचसे ओसरते, पण मुळात येऊ न दिलेले बरे. फ्रीजच्या माथ्यावर मागच्या बाजूला हवा किंचित कोमट आणि हलती असते. तिथे दोन पट्ट्या ठोकून बोर्ड उभे, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. फ्रीजची हवा अडणार नाही एवढे पाहा. बोर्डाच्या पाठीलाही जेसोचा एक हात द्या, म्हणजे दमटपणा दोन्ही बाजूंनी सारखा बसतो आणि बोर्ड वाकत नाही.

शेवाळ

आणि मागणीत जेसोची बाटली वाढवा. पाठीला लावायचा म्हणजे लहान बाटली पुरणार नाही.