मदत हवी आहे: फियाटचा बॉनेटवरचा ओरिजिनल बॅज पुण्यात कुठे मिळेल?

हडपसरकर: बाबांची फियाट रंगवायला दिली आहे. पेंटरने बॉनेटवरचा बॅज काढताना मागच्या दोन्ही पिना मोडल्या. क्रोमलाही फोड आलेत. नाना पेठ पालथी घातली, सगळे प्लास्टिकचा डुप्लिकेट पुढे करतात. तो लावायचा नाही. रविवारी गाडी ताब्यात येतेय, लवकर सांगा.

गॅरेजवाला: साल कुठलं? पुढच्या दारांच्या बिजागऱ्या पुढे की मागे? मागे असतील तर ती डुक्कर फियाट, म्हणजे आधीचं मॉडेल, तिचे बॅज वेगळे. फोटो टाका.

रविवारचा_गिऱ्हाईक: जुन्या बाजारात जा. बुधवारी आणि रविवारी भरतो. उजाडताच पोचायचं, चांगला माल आधी उचलला जातो.

हडपसरकर: रविवारी गाडीच येतेय हो! बिजागऱ्या पुढे. बॉनेटवर FIAT नाही दिसलं तर कसं चालेल?

नियमवाले_काका: गाडीला ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१ च्या नियमांनुसार VA मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये.

हडपसरकर: काका, नंबर नको, बॅज हवाय. गाडी १९७५ ची.

गॅरेजवाला: मग ती प्रीमियर पद्मिनी! नाव बदललं १९७४ मध्ये. गाडी तीच, कुर्ल्याच्या कारखान्यातलीच, लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. तुमच्या गाडीचा ओरिजिनल बॅज प्रीमियरचा.

चेतकप्रेमी: आकुर्डीत बजाजच्या स्कूटरचंही हेच झालं. व्हेस्पावाल्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, व्हेस्पा जाऊन बजाज आलं. १९७२ ला चेतक. माणसं नावावर जीव लावतात.

हडपसरकर: फियाटचा बॅज बाबांनी हौसेने बसवला होता. मला तोच हवाय.

रविवारचा_गिऱ्हाईक: मग तसाच लावा. फोड असू देत, नव्या क्रोमने जुनेपण जातं.

गॅरेजवाला: अजिबात नको. फोड आलेत म्हणजे बॅज बहुतेक मझाकचा (जस्ताचा मिश्रधातू) आहे, आतला धातू खाल्ला जातोय. पावसाळ्यात आणखी वाढेल. फोड कोरून साफ करायचे, मग तांबं, निकेल, वर क्रोम. पिनांसाठी मागून आरपार न जाणारं भोक पाडून आटे पाडा आणि स्टड (आट्यांची पिन) बसवा, वेल्डिंगची उष्णता मझाक सोसत नाही. हे सगळं क्रोम चढवण्याआधी. रविवार विसरा, गाडी बॅजशिवाय घरी आणा. आणि प्लेटिंगवाल्याला मझाक आहे हे आधीच सांगा, नाहीतर लोखंडासारखा ॲसिडात टाकेल.