अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये तळहात पुढेच का??

गोंधळलेला_बीपीटी: फिजिओ फर्स्ट इयरला आहे. माणूस सहज उभा राहिला की तळहात मांड्यांकडे असतात ना, मग पुस्तकात अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन, म्हणजे शरीराचं वर्णन करायची ठरलेली पोझ, म्हणून दाखवलेला तो माणूस हात असे पुढे उघडून का उभा? परवा व्हायवात मी हाताचा अंगठा मेडियल (शरीराच्या मध्याकडे) म्हणून मोकळा झालो, सर नुसते हसले. आणि डिसेक्शन टेबलवर बॉडी तर झोपलेली असते, मग तिचं सुपीरिअर (वरची बाजू) म्हणजे डोकं की छत?

जुना_इंटर्न: डोकं रे बाबा. बॉडी उताणी असो, पालथी असो, शीर्षासनात असो, वर्णन करताना ती समोर बघत सरळ उभी आहे असंच धरायचं. तळहाताचं म्हणशील तर आत्ता करून बघ. कोपर टेबलवर टेकव, तळहात छताकडे, दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर पकड आणि हात पालथा कर. अंगठ्याच्या बाजूचं हाड फिरून पलीकडे गेलेलं जाणवेल, ते रेडियस, करंगळीच्या बाजूची अल्ना जवळपास जागच्या जागीच राहते. म्हणजे तळहात पुढे असताना दोन्ही हाडं शेजारी शेजारी, आणि पालथा केला की त्यांची फुली. आता मनगटाशी लॅटरलला (बाहेरच्या बाजूला) कोण ते फुली असताना कसं सांगणार? म्हणून एक पोझ फिक्स केली, त्यात अंगठा कायम लॅटरल. तीर्थ घ्यायला हात पुढे करतो ते सुपिनेशन, आशीर्वाद देताना ठेवतो ते प्रोनेशन, मी तरी असंच पाठ केलं होतं.

गोंधळलेला_बीपीटी: तीर्थ 😂 भारी. पण दादा मग पायाचा अंगठा मेडियल कसा? इथे गाडी अडते माझी

जुना_इंटर्न: गर्भात हात आणि पाय उलट दिशांना वळतात, हात बाहेरच्या बाजूला, पाय आतल्या बाजूला. म्हणून तर कोपर मागे आणि गुडघा पुढे. एम्ब्रियोलॉजीला येईलच, तेव्हा रडशील.

एक्सरे_ताई: डावं-उजवं पण आत्ताच पक्कं कर. नेहमी पेशंटचं, तुझं नाही. छातीचा एक्सरे आपण पेशंट समोर उभा असल्यासारखा बघतो, म्हणजे त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला. सीटीचे आडवे काप तर पायाकडून वर बघितल्यासारखे, तिथेही तेच. आमच्याकडे नवीन आलेली पोरं पहिला महिनाभर हमखास उलट सांगतात, एल-आरचा मार्कर बघायची सवय लावून घे.

गोठ्यातला_डॉक्टर: वेटरनरीवाला आहे, मध्येच तोंड घालतो. गाय चार पायांवर उभी, तिला सुपीरिअर-इन्फीरिअर लावलं तर सगळाच घोळ, आम्ही डोक्याकडे क्रेनियल आणि शेपटीकडे कॉडल म्हणतो. आणि तुमचं पोस्टीरिअर (मागची बाजू) ते आमचं डॉर्सल, म्हणजे गाईची पाठ, आकाशाकडची.

गोंधळलेला_बीपीटी: म्हणजे गाईच्या बाबतीत माझं छत बरोबर होतं तर 😅