अफगाण मुलींना ऑनलाइन शिकवायचे आहे. सुरुवात कशी करावी?

प्रश्न

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वसतिगृहातील एका अफगाण मित्राच्या दोन बहिणी काबूलमध्ये आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबानने सहावीच्या पुढचे वर्ग केवळ मुलग्यांसाठी उघडले, तेव्हा थोरलीचे शिक्षण सातवीत तुटले. धाकटी नुकतीच सहावी पूर्ण करून घरी बसली आहे. या दोघींना आणि शेजारच्या सात मुलींना गणित व इंग्रजी शिकवावे, असे त्याने आम्हा चौघा मित्रांना सुचवले आहे. आमची मनापासून तयारी आहे, परंतु त्यांची भाषा ‘दरी’ (अफगाणिस्तानातील फारसी) आहे, शिकवण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही, आणि आमच्या उत्साहापायी त्या मुली अडचणीत येतील की काय, ही भीती वाटते. ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची भीती योग्य आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. मी दोन वर्षे असा वर्ग घेत आहे. आमच्याकडे मुलींचे कॅमेरे बंद असतात, पडद्यावर खऱ्या नावाऐवजी टोपणनाव असते आणि वर्गाचे रेकॉर्डिंग कधीही होत नाही. महाविद्यालयाने उपक्रमाचा पुरावा म्हणून छायाचित्र मागितले, तरी देऊ नका. नव्या मुलीला वर्गात घेण्यापूर्वी तिच्या घरच्यांची संमती आहे ना, हे मित्राकडून स्पष्ट विचारून घ्या.

काबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे असते आणि तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे वेळ जुळवणे सोपे आहे. खरी अडचण विजेची आणि नेटची. अफगाणिस्तानची बरीचशी वीज शेजारच्या देशांतून येते आणि हिवाळ्यात ती वारंवार जाते. शिवाय एका फोनवर तीन बहिणी शिकत असतात. म्हणून मी प्रत्यक्ष वर्ग चाळीस मिनिटांचाच ठेवतो आणि त्याच धड्याचे पाच-पाच मिनिटांचे आवाजी संदेश व वहीच्या पानाचा फोटो पाठवून देतो. ज्या मुलीला रात्री अकराला फोन मिळतो, ती तेव्हा ऐकते. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तिथे देशभर इंटरनेट बंद पडले होते, त्या दोन दिवसांत कोणाचीच खबर लागत नव्हती. तेव्हापासून पुढच्या दोन आठवड्यांचा अभ्यास मी आधीच पाठवून ठेवतो.

प्रतिसाद २

भाषेची चिंता तुम्ही समजता तितकी मोठी नाही. दरी ही फारसीच असल्यामुळे आपल्या मराठीतले किती तरी शब्द त्या मुलींना ओळखीचे वाटतात: दरवाजा, दुकान, कागद, जमीन, हजार, हिशेब. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली आणि पलीकडून ‘हाजिर’ असे उत्तर आले, तेव्हा माझा संकोच तिथेच गेला. आपला ‘हप्ता’ मात्र त्यांच्याकडे आठवडा असतो, हे लक्षात ठेवा.

गणितात अंकांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाते, परंतु संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे लिहितात. त्यांचा पाच घाईत लिहिला की आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. एका मुलीची तीन उदाहरणे मी याच कारणाने चूक दिली होती आणि ती बिचारी काही न बोलता पुन्हा पुन्हा तीच सोडवत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. पहिल्या आठवड्यात त्यांचे अंक तुम्ही शिका, आणि ते त्यांनाच शिकवू द्या.

प्रतिसाद ३

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि मुंबईतून अशा एका गटाला साहाय्य करते. मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आमच्या गटातील मुले-मुली फार चांगली होती, परंतु सत्र परीक्षा आली की एकेक जण न सांगता गळत गेला, आणि उरलेल्या विद्यार्थिनींपैकी एकीने मला विचारले, “आमच्याकडून काही चुकले का?” जिची शाळा एकदा बंद झाली आहे, तिला दुसऱ्यांदा तो अनुभव आपल्याकडून येऊ नये. म्हणून प्रत्येक विषयाला दोघे नेमा, तुमच्या परीक्षांच्या तारखा मुलींना सुरुवातीलाच सांगा आणि झेपतील तेवढेच, आठवड्याला दोन तास, कबूल करा.

तसेच, या वर्गांतून मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळणार नाही, हे थोरल्या मुलींना स्पष्ट सांगावे. डिसेंबर २०२२ पासून तिथली विद्यापीठेही त्यांना बंद आहेत आणि त्या फार आशेने विचारतात. तुमच्या मित्राची थोरली बहीण पाढे आणि अपूर्णांक धाकट्या मुलींना दरीतून समजावू शकेल का, हेही पाहा. आमच्याकडे सर्वांत चांगली शिक्षिका अशीच मिळाली.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. थोरल्या बहिणीला आजच विचारले. धाकट्यांचे गणित ती घेणार आहे, आणि आम्ही तिला बीजगणित शिकवू. आमची परीक्षा नोव्हेंबरमध्ये आहे, तोवरचे वेळापत्रक दोघादोघांच्या जोड्या करून आज रात्री लिहितो.