सहाव्या नंबरला जेंटी: रेडर्सनी घ्यावा का?

रुपेरी_काळा
काल इथे एनएफएल ड्राफ्टबद्दल (अमेरिकन फुटबॉलच्या टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) एकाने लिहिलं, "पहिल्या फेरीत रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) घेणारा जीएम (टीम बांधणारा मॅनेजर) घरी पाठवायच्या लायकीचा. असे धावणारे चौथ्या फेरीत पैशाला पासरी मिळतात." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

२४ एप्रिल २०२५च्या ड्राफ्टमध्ये आपल्या लास व्हेगास रेडर्सचा सहावा नंबर. गेला मोसम ४-१३ (चार जिंकल्या, तेरा हरलो) आणि धावून काढलेल्या यार्डांत आपण ३२ पैकी ३२वे. समोर अ‍ॅश्टन जेंटी आहे. बॉइझी स्टेटकडून एका मोसमात २,६०१ यार्ड, बॅरी सँडर्सच्या १९८८च्या विक्रमाला अवघे २७ कमी. असा मुलगा दरवर्षी चौथ्या फेरीत मिळतो? पहिल्या टॅकलला तो पडतच नाही. आपला नवा कोच पीट कॅरल याने सिएटलला मार्शॉन लिंच या रनिंग बॅकच्या जिवावर काय उभं केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) जीनो स्मिथ ३४ वर्षांचा. त्याच्याकडून प्रत्येक थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) आठ-दहा यार्ड काढून घेणार का? २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी गिब्ज या रनिंग बॅकला १२वा घेतला तेव्हाही लोक हसले होते. २०२४ मध्ये लायन्स १५-२.

ओलाइन_अण्णा
कालचा प्रतिसाद माझाच. मी ३२वे का होतो, ते लिहा की! लाइन (समोरच्यांना अडवणारे पाच जण) वाट मोकळी करत नाही म्हणून. रनिंग बॅक जोश जेकब्जला आपणच २०१९ मध्ये २४वा घेतला. २०२२ मध्ये १,६५३ यार्ड काढून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. टीम? ६-११. बार्कली या रनिंग बॅकला न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ मध्ये दुसरा घेतला, पहिल्याच मोसमात १,३०७ यार्ड, टीम ५-११. तोच बार्कली गेल्या वर्षी फिलाडेल्फियाच्या लाइनमागे गेला आणि २,००५ यार्ड काढून सुपर बोल जिंकला. आणि लायन्सनी गिब्जच्या दोन वर्षं आधी सूएल या लाइनमनला सातवा घेतला होता. आधी लाइन, मग धावणारा. आणि रनिंग बॅक बकी अर्विंग चौथ्या फेरीत, १२५वा गेला होता. पहिल्याच मोसमात १,१२२ यार्ड.

ऑकलंडचाच
तुम्ही दोघं "आपण, आपण" करताय, पण ऑकलंड सोडून व्हेगासला गेल्यावर टीम आपली राहिलीये कुठे? त्यांना व्हेगासमध्ये तिकिटं खपवायला चेहरा हवाय, म्हणून जेंटी. नेवाडाने हॉटेलांच्या करातून ७५ कोटी डॉलर दिले आणि हे निघाले. इकडे १९९५ला यांना लॉस एंजेलिसहून (एल.ए.) परत आणण्यासाठी कोलिझियम स्टेडियममध्ये जे बांधकाम केलं, त्याचं कर्ज टीम गेल्यावरही ऑकलंड फेडत बसलं. बास्केटबॉलचे वॉरियर्सही गेले, गेल्या वर्षी बेसबॉलचे एज पण गेले. माझी मुलं त्या पार्किंगमध्ये वाढली.

रुपेरी_काळा
दादा, प्रत्येक धाग्यावर हेच. १९८२ला एल.ए.ला गेले तेव्हाही गेलेच होते ना? ड्राफ्टवर बोला.

ऑकलंडचाच
ड्राफ्टवरच बोलतोय. २००८ला मॅकफॅडन या रनिंग बॅकला चौथा घेतला तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. सतत जायबंदी. जर्सी मात्र खपल्या. तुम्ही फीनिक्सच्या सोफ्यावरून मला "दादा" म्हणून गप्प करू नका.

ओलाइन_अण्णा
मॅकफॅडनचा मुद्दा बरोबर आहे. बाकीचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर न्या.

ऑकलंडचाच
शहराचा पैसा बुडाला त्याला रडगाणं म्हणता? तुमच्या गावची टीम रात्रीतून उचलून नेली की मग बोला.

फ्रिस्कोची_आई
जेंटी टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या लोन स्टार हायस्कूलचा. माझा मुलगा दुसऱ्या शाळेत रनिंग बॅक आहे, त्यामुळे शुक्रवारी रात्री माझं लक्ष स्कोअरपेक्षा त्याच्या गुडघ्याकडे असतं. तुम्ही सगळे टीमचा फायदा मोजताय. त्या मुलाने कॉलेजच्या एका मोसमात ३७४ वेळा बॉल घेऊन मार खाल्लाय. चौथ्या फेरीत स्वस्तात घ्या म्हणजे काय? चार वर्षं कमी पगारात पिळायचं आणि सत्ताविशीत "म्हातारा झाला" म्हणून सोडायचं. जेकब्जचं तेच केलं. टीमने पाचव्या वर्षाचा करार नाकारला, तो लीगमध्ये पहिला आला, मग फ्रँचायझी टॅग (एका वर्षासाठी टीमला बांधून ठेवणारा) लावला, शेवटी तो ग्रीन बेला गेला. या मुलांना खरा पैसा पहिल्याच करारात मिळतो. सहाव्या नंबरला गेला तर तो पैसा तरी पक्का. घ्याच त्याला.

ओलाइन_अण्णा
ताई, मुलाच्या दृष्टीने तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण जीएमने टीम बांधायची असते. आणि त्या गुडघ्यांची काळजी असेल, तर त्याला फुटक्या लाइनमागे उभा करणं सगळ्यात वाईट.

फ्रिस्कोची_आई
मग लाइन दुरुस्त करा. मुलाला स्वस्त का करताय?

रुपेरी_काळा
ताईंना +१. अण्णा, लाइनचं ठीक आहे, तेवढं मान्य करावं लागतंय. तिसऱ्या फेरीत दोन लाइनमन घ्या, माझी हरकत नाही. पण सहावा जेंटीच.

ओलाइन_अण्णा
तिसऱ्या फेरीतले लाइनमन तयार व्हायला दोन वर्षं लागतात. तोवर तुमचा जेंटी कोणाच्या मागे धावणार?

ऑकलंडचाच
आणि धावलाच, तर टाळ्या वाजवणारे निम्मे पाहुण्या टीमचे असतील. व्हेगासची मॅच एकदा बघून या.