जुन्या गाडीवर कॉलिजन कव्हर ठेवावं की काढून टाकावं?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, विम्याचं रिन्यूअल तोंडावर आलंय आणि आमच्या घरात दोन तट पडलेत. गाडी 11 वर्षांची, लोन कधीच फिटलंय, इंजिन ठणठणीत, बाहेरून थोडे ओरखडे आहेत तेवढंच. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा ठेवायचाच आहे, त्यावर वाद नाही. वाद कॉलिजनवर आहे, म्हणजे आपलीच चूक असली किंवा गाडी कठड्यावर जाऊन आदळली तरी आपल्या गाडीचा खर्च मिळतो ते कव्हर. गाडीची किंमत दरवर्षी उतरतेय पण या कव्हरचा हप्ता काही त्या मानाने उतरत नाही. मी म्हणते काढून टाकू, नवरा म्हणतो इतकी वर्षं भरले आणि आता काढलं की नेमकं काहीतरी होईल. रोज कामावर जायला हीच एक गाडी आणि आईला डॉक्टरकडे न्यायलाही हीच. तुम्ही काय बघून ठरवलंत? डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, वाढवून हप्ता कमी करणं हा मधला मार्ग बरा पडेल का?

आकडेमोड:
आधी पॉलिसीचे कागद काढा आणि फक्त कॉलिजनच्या ओळीसमोरचा आकडा बघा, एकूण हप्ता नको, कारण त्यातला बराचसा भाग तुम्ही काढूच शकत नाही. मग गाडी आज विकली तर किती येतील ते बघा, तुमचंच मॉडेल, तेवढंच वर्ष, साधारण तेवढंच रनिंग.

आता समजा 100 येतात. डिडक्टिबल 20 असेल तर गाडीचा पार चुराडा झाला तरी हातात 80 पडणार, त्याच्यावर छदाम नाही. हप्ता वर्षाला 12 असेल तर सहा-सात वर्षांत तुम्ही 80 भरून मोकळ्या होता, आणि तोवर गाडी 100 ची राहिलेली नसते, समजा ती 50 वर आली तर डिडक्टिबल जाऊन 30 च मिळणार, म्हणजे हप्ता भरताय तो दरवर्षी कमी कमी होत जाणाऱ्या रकमेसाठी. वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या 10 टक्क्यांवर गेला की काढायचा विचार करावा असा एक ठोकताळा आहे. मी स्वतः किमतीतून डिडक्टिबल वजा करून मग 10 टक्के काढतो, कारण खरी मिळणारी रक्कम तीच.

आणि नवऱ्याचं "इतकी वर्षं भरले" हे मनातून काढायला सांगा. ते पैसे त्या त्या वर्षाच्या संरक्षणाचे होते, ते मिळालं आणि संपलं. पुढच्या वर्षाचा निर्णय पुढच्या वर्षाच्या आकड्यांवरच घ्यायचा.

पायवाट:
हिशोब बरोबर आहे पण मला तो अर्धाच वाटतो. सरासरी काढली तर विमा बहुतेकांना तोट्यातच जाणार, कंपनी चालते कशावर मग. खरा प्रश्न असा की उद्या सकाळी गाडी भंगारात गेली तर परवा तुम्ही दुसरी जुनी गाडी घेऊ शकता का, कर्ज न काढता, आईच्या औषधपाण्याच्या पैशांना हात न लावता? घेऊ शकत असाल तर 10 टक्के असो नाहीतर 6, काढून टाका. नसाल घेऊ शकत, आणि गाडी नसली तर नोकरीच अडचणीत येत असेल, तर हप्ता थोडा महाग वाटला तरी अजून एखाद वर्ष ठेवा आणि तेवढ्या वेळात पैसे बाजूला टाकायला लागा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना दोन घरांत वेगळं उत्तर असू शकतं.

डिडक्टिबल वाढवायचा मार्ग नव्या गाडीला छान, जुन्या गाडीला मला पटत नाही. वरच्याच उदाहरणात 20 चं 50 केलंत तर हप्ता कमी होईल खरा, पण मिळणार जास्तीत जास्त 50, आणि मधल्या आकाराची टक्कर झाली तर सगळा खर्च तुमच्याच खिशातून. नावाला कव्हर राहतं. त्यापेक्षा एक तर नीट ठेवा नाहीतर सरळ काढा.

क्लेमखिडकी:
मी क्लेमच्या कामात आहे, जुन्या गाड्यांचं काय होतं ते रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीची किंमत उतरते पण दुरुस्तीचा खर्च उतरत नाही, बंपर, हेडलाइट, रेडिएटर, पेंट आणि मजुरी यांना गाडी किती वर्षांची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. समोरून साधारण वेगात ठोकली, बॉनेट वाकलं, हेडलाइटचे ब्रॅकेट तुटले, मागचा एसीचा कंडेन्सर चेपला आणि वर दोन्ही एअरबॅग उघडल्या, की एअरबॅग, सेन्सर, सीटबेल्ट, डॅशबोर्ड हे सगळं बदलायचं म्हटल्यावर जुन्या गाडीत खर्च किमतीच्या जवळ जातो आणि कंपनी टोटल लॉस लावून टाकते, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, गाडी गेली असं धरते. गाडी बघितली तर मालकाला वाटतं अहो ही तर दुरुस्त होईल, आणि होईलही, पण कंपनी त्याचे पैसे देत नाही. देते ती अपघाताच्या आदल्या क्षणाची बाजारातली किंमत, डिडक्टिबल वजा. मोडकी गाडी तुम्हीच ठेवून घेतलीत तर भंगाराची किंमतही त्यातून जाते, आणि पुढे तिचे कागद आणि विमा दोन्हीला बऱ्याच ठिकाणी त्रास होतो.

म्हणून कव्हर ठेवणार असाल तर सर्व्हिसची बिलं, नवे टायर टाकल्याच्या पावत्या, आतले-बाहेरचे फोटो सांभाळून ठेवा. कंपनीने लावलेली किंमत कमी वाटली तर तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती दाखवून वाढवून मागता येते, लोक मागतच नाहीत.

आता काढणार असाल तर काय काय जातं ते ऐका. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्यातून तुमचा खर्च निघायला हवा, त्याला तुमचं कॉलिजन लागत नाही. पण तो पळून गेला, त्याचा विमाच नसला किंवा चूक कुणाची यावर महिनोन्‌महिने घोळ चालला तर? कॉलिजन असलं की आपली कंपनी आधी पैसे देते आणि नंतर समोरच्याकडून वसूल करत बसते. नसलं की ते भांडण तुमचं. शिवाय काही पॉलिसींत तुम्ही भाड्याने घेतलेल्या गाडीलाही याच कव्हरचं संरक्षण असतं, तेही जातं.

आणि कळकळीने सांगतो, कॉलिजन काढताना एजंटने चोरी, आग, पूर, झाड पडणं याचं कव्हरही सोबत काढलं असं करू देऊ नका. जिथे हे वेगळं मिळतं तिथे ते सहसा बरंच स्वस्त असतं आणि जुनी गाडी चोरीला जातच नाही असं काही नाही. दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची मर्यादा तर अजिबात कमी करू नका, तुमची गाडी जुनी आहे म्हणून समोरच्या माणसाच्या दवाखान्याचं बिल कमी येत नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार, क्लेमखिडकी दादा तुमचं तर वाचूनही दाखवलं घरात. कागद काढून बसलो दोघं. कॉलिजनचा हप्ता मिळू शकणाऱ्या रकमेच्या सातव्या हिश्शाच्या आसपास निघाला, हे बघून नवराही गप्प झाला. जुनी का होईना दुसरी गाडी घेता येईल एवढे पैसे बाजूला आहेत, आईचे वेगळे ठेवलेत त्याला धक्का न लावता. तर कॉलिजन काढतोय, चोरी-आगीचं ठेवतोय, आणि वाचलेला हप्ता त्याच गाडीच्या पैशांत टाकायचा असं ठरलंय. एकच विचारायचंय, आत्ताच फोन करून काढू की रिन्यूअलपर्यंत थांबू? आणि पुढे वाटलं तर परत घेता येतं का?

क्लेमखिडकी:
रिन्यूअल जवळच आहे तर थांबा, काही कंपन्या मधेच काढल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे पूर्ण परत देत नाहीत. परत घेता येतं पण बहुतेक वेळा गाडी तपासून मगच, आणि आधीच्या ओरखड्यांची नोंद होते. फोनवर सांगून सोडू नका, लेखी मागा, आणि नवी पॉलिसी आली की चोरी-आगीची ओळ तिच्यात आहे ना ते स्वतः वाचून बघा.