मदत हवी आहे: कमानदार, गोल आणि तिरक्या खिडक्यांसाठी वादळरोधक काच कोणती घ्यावी?

घरधनी

नमस्कार मंडळी.

घरातील सर्व खिडक्या बदलून इम्पॅक्ट विंडो, म्हणजे वादळात उडत्या वस्तूंचा मार सोसणाऱ्या खिडक्या, बसवायच्या आहेत. चौकोनी खिडक्यांची दरपत्रके आली, तुलनाही झाली, त्याबद्दल काही विचारायचे नाही. अडलो आहे ते तीन खिडक्यांपाशी. जेवणघरात ७२ इंच रुंदीची अर्धगोल खिडकी आहे आणि तिच्याखाली त्याच रुंदीची चौकोनी खिडकी जोडलेली आहे. जिन्याच्या भिंतीत बऱ्याच उंचावर एक गोल गवाक्ष आहे. मागच्या खोलीत छताच्या उताराबरोबर वरची कड तिरकी गेलेली तिसरी खिडकी आहे.

तीन कंत्राटदार तीन गोष्टी सांगून गेले. पहिला म्हणाला, कमान बुजवा आणि चौकोनी खिडकी घ्या. दुसरा म्हणाला, हवा तो आकार मिळेल, तुम्ही फक्त रंग सांगा. तिसऱ्याने दहा मिनिटे कमानीकडे पाहिले आणि "कळवतो" म्हणून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. १ जूनला चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे माझ्याकडे फार वेळ नाही. या तीन आकारांत कॅटेगरी ५ ला, म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाच्या चक्रीवादळाला, टिकणारी खिडकी कोणती घ्यावी, एवढेच थेट सांगावे.

सावली

थेट उत्तर द्यायला आवडले असते, परंतु घर कोठे आहे हेच आपण लिहिलेले नाही. फ्लोरिडात असाल असे हंगामाच्या तारखेवरून वाटते. काउंटी कोणती? मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्या अतिवेगवान वाऱ्याच्या विभागात मोडतात आणि तेथील नियम उर्वरित राज्यापेक्षा कडक आहेत. घर कोणत्या साली बांधलेले आहे, भिंत काँक्रीट ब्लॉकची आहे की लाकडी, गवाक्ष जमिनीपासून किती फुटांवर आहे, आणि मागची खोली झोपण्याची आहे का, हेही कळवा.

पाऊसपाणी

माझा अनुभव सांगतो. वेगळ्या आकाराच्या खिडक्यांच्या भानगडीत पडूच नये. मी घराला ॲकॉर्डियन झडपा, म्हणजे खिडकीबाहेर बाजूंना घडी होऊन बसणाऱ्या संरक्षक झडपा, बसवल्या, इम्पॅक्ट काचेच्या तुलनेत खर्च बराच कमी आला आणि जुन्या खिडक्या तशाच राहिल्या. वादळाची सूचना आली की झडपा ओढायच्या आणि कुलूप लावायचे. काच कोणती, मधला थर कोणता, हा सगळा घोळच नको.

सावली

@पाऊसपाणी, आपल्या खिडक्या चौकोनी असणार. ॲकॉर्डियन झडपेला वर आणि खाली सरळ पट्टी लागते. कमानीवर ती बसवायची तर कमानीच्या वर सपाट भिंत हवी, आणि झडप मिटलेली असतानाही तिचा गठ्ठा दोन्ही बाजूंना दिसत राहतो. शिवाय जिन्यातल्या गवाक्षापर्यंत शिडी लावून चढणार कोण? आपल्यापैकी अनेकजण जुलै-ऑगस्टमध्ये भारतात असतात, त्या वेळी झडपा ओढायला शेजाऱ्यांना सांगायचे का?

पाऊसपाणी

शेजारधर्म अजून शिल्लक आहे, निदान आमच्या गल्लीत तरी.

घरधनी

ब्रॉवर्ड काउंटी, १९८९ चे बांधकाम, काँक्रीट ब्लॉक आणि त्यावर गिलावा. गवाक्ष अंदाजे १८ फुटांवर आहे. मागची खोली झोपण्याचीच आहे, परंतु तिला बाहेर उघडणारे दारही आहे. हे सर्व उघड आहे असे समजून लिहिले नव्हते, क्षमस्व. आता तरी कृपया कॅटेगरी ५ ची काच सांगा.

वळचण

मी याच व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कॅटेगरी ५ ची काच असा प्रकार नसतो. खिडकीला मंजुरी मिळते ती दोन बाबींवर. तिने उडत्या वस्तूचा आघात सोसला पाहिजे आणि वाऱ्याचा विशिष्ट दाब पेलला पाहिजे. मोठ्या आघाताच्या चाचणीत ९ पौंडांचा लाकडी वासा सेकंदाला ५० फूट वेगाने, म्हणजे ताशी साधारण ३४ मैलांनी, टोक पुढे करून खिडकीवर मारतात. त्यानंतर त्याच तडकलेल्या खिडकीवर आतून आणि बाहेरून शेकडो वेळा दाब देतात, कारण वादळ एक धक्का देऊन थांबत नाही. काच तडकली तर चालते, पण ती चौकटीत राहिली पाहिजे आणि आरपार भोक पडता कामा नये. ही मोठी चाचणी जमिनीपासून ३० फुटांपर्यंतच्या खिडक्यांना लागू होते, म्हणून १८ फुटांवरचे आपले गवाक्षही तिच्यातून सुटत नाही.

दुसरी गोष्ट, मंजुरी एकट्या काचेला नसते. काच, चौकट, रबर, सीलंट आणि भिंतीत जाणारे स्क्रू अशा संपूर्ण जोडणीला ती असते. ब्रॉवर्डमध्ये मायामी-डेडचा एनओए, म्हणजे स्वीकृतीपत्र, चालतो, किंवा राज्याची उत्पादन-मंजुरी चालते, मात्र त्या मंजुरीत अतिवेगवान विभागाचा स्पष्ट उल्लेख हवा. आपल्या दुसऱ्या कंत्राटदाराला एवढेच विचारा की कमानदार खिडकीचा एनओए क्रमांक काय. रंगाचे नंतर पाहता येईल.

आता आकाराबद्दल. प्रत्येक वेड्यावाकड्या आकाराची वेगळी चाचणी कोणी करत बसत नाही. अनेक स्वीकृतीपत्रांत अशी तरतूद असते की आकार ज्या काटकोनी चौकटीत पूर्ण मावतो, त्या चौकटीच्या मापाचा मंजूर दाब कोष्टकातून घ्यावा. म्हणजे आपली कमान ७२ इंच रुंद आणि ३६ इंच उंच असेल, तर ७२ गुणिले ३६ च्या स्थिर खिडकीला जो दाब मंजूर आहे तो तिला लागू होतो. स्थिर हा शब्द लक्षात ठेवा, अशा वेगळ्या आकाराच्या खिडक्या बहुधा उघडत नाहीत. झोपण्याच्या खोलीत एखादी तरी बाहेर पडण्याजोगी उघडी जागा लागते, परंतु आपल्याकडे दार असल्याने तो प्रश्न मिटला.

तावदान_प्रेमी

एवढे कशाला? अर्धा इंच जाडीची टेम्पर्ड काच घ्यावी. मोटारीच्या बाजूच्या काचेसारखी मजबूत असते आणि कोणत्याही आकारात कापून मिळते.

वळचण

@तावदान_प्रेमी, टेम्पर्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, आकार आधीच द्यावा लागतो. ती फुटते तेव्हा तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. माणसाला इजा कमी होते हे खरे, परंतु खिडकीच्या जागी मोकळे भोक राहते. वादळात नेमके तेच टाळायचे असते. वारा एकदा आत शिरला की छताला बाहेरून ओढणाऱ्या दाबात आतून ढकलणाऱ्या दाबाची भर पडते. त्यामुळे येथे लॅमिनेटेड काचच लागते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या लवचिक प्लास्टिकचा थर. दाब जास्त असेल तेथे सेंट्रीग्लासचा थर घेतात. तो पीव्हीबीपेक्षा कितीतरी ताठ असल्याने तडकलेली काच कमी झोल खाते, आणि किंमतही त्या मानाने वाढते.

जुनी_खोड

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू वादळ आले तेव्हा आम्ही होमस्टेडच्या उत्तरेला राहत होतो. आमची एक मागची खिडकी फुटली आणि पाठोपाठ छताचा एक कोपरा उचलला गेला. त्या रात्री सर्व काचांवर फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावून आम्ही निश्चिंत झोपलो होतो, इतके आम्ही अडाणी होतो. चिकटपट्टीने काच वाचत नाही, फक्त तुकडे मोठे होतात. आज आपण ज्या चाचण्यांबद्दल बोलता आहात, त्या दक्षिण फ्लोरिडाच्या नियमांत अँड्र्यूनंतरच आल्या. १९८९ चे घर म्हणजे त्यापूर्वीचे. तेव्हा जुन्या चौकटीवर विश्वास ठेवून केवळ काच बदलू नका.

शांतता_राखा

इम्पॅक्ट काचेचा सर्वांत मोठा लाभ कोणी सांगितलाच नाही. रस्त्याचा आवाज विलक्षण कमी होतो. माझ्या घरासमोर चौपदरी रस्ता आहे, पूर्वी पहाटे कचऱ्याच्या गाडीने जाग येत असे. आता ती येऊन गेल्याचे कळतही नाही.

घरधनी

@शांतता_राखा, आमच्या घरासमोर तळे आहे, तरी धन्यवाद.

@वळचण, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आज मोजमाप घेतले. कमानीची रुंदी ७२ इंच आणि मधली उंची ३४ इंच भरली. अर्धगोल ७२ ची खिडकी मागवावी ना? दुसरे असे की तिन्ही खिडक्या फार महाग पडल्या, तर जिन्यातले गवाक्ष तूर्त जसे आहे तसे ठेवावे, असा विचार आहे. एवढ्याशा खिडकीने काय होणार?

रेघोटी

अर्धगोल मागवू नका! ७२ इंच रुंदीच्या खऱ्या अर्धवर्तुळाची उंची ३६ इंच असते. आपल्याकडे ३४ भरली, म्हणजे हा वर्तुळाचा थोडा चपटा तुकडा आहे, किंवा कोठेतरी गिलाव्याने दोन इंच खाल्ले आहेत. चपट्या कमानीची त्रिज्या अशी काढावी: रुंदीच्या निम्म्याचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करून तिला दुप्पट उंचीने भागावे. ३६ चा वर्ग १२९६, ३४ चा वर्ग ११५६, बेरीज २४५२, भागिले ६८, म्हणजे ३६.०६ इंच. त्रिज्या जवळजवळ तीच दिसते, पण अर्धगोल चौकट आणली तर ती वर दोन इंच अडेल आणि आपण कंत्राटदाराशी भांडत बसाल. कारखान्याला आकडे देण्याऐवजी जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवुडचा साचा कापून द्यावा, आणि तोही गिलाव्यावरून नव्हे, तर आतील पक्क्या कडेवरून घ्यावा. साच्यावर "आतील बाजू" आणि "बाहेरील बाजू" असे ठळक लिहावे. तिरक्या खिडकीत डाव्या-उजव्याचा घोळ झाला, तर ती खिडकी कोणाच्याही उपयोगाची राहत नाही.

सावली

गवाक्ष सोडू नका. विम्याच्या दृष्टीने ही घोडचूक ठरेल. वादळ-प्रतिबंधाच्या तपासणीचा जो नमुना फ्लोरिडात वापरतात, ओआयआर-बी१-१८०२, त्यात खिडक्या-दारांच्या संरक्षणाचा वर्ग घरातील सर्वांत कमकुवत काचेवरून ठरतो. वीस खिडक्या इम्पॅक्ट असल्या आणि जिन्यातले एक गवाक्ष साधे राहिले, तरी पूर्ण संरक्षणाची सवलत हातची जाते. "एवढ्याशा" खिडकीने नेमके हेच होते.

पाऊसपाणी

मग त्या एका गवाक्षाला बाहेरून काच झाकणारे मंजूर पॅनल कायमचे लावून टाकावे. स्वस्तात काम होईल.

सावली

@पाऊसपाणी, जिन्यात तेवढाच एक उजेड असेल, तर तो कायमचा बंद करण्याचा सल्ला मी तरी देणार नाही. परंतु मंजूर पॅनल तपासणीत ग्राह्य धरतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

वळचण

@घरधनी, कमानीची वरची खिडकी आणि खालची चौकोनी खिडकी यांच्यामध्ये जो आडवा दांडा येतो, त्याला मलियन म्हणतात. दोन्ही खिडक्यांचा भार त्याच्यावर येत असल्याने त्याची मंजुरी वेगळी असते. वरची खिडकी, खालची खिडकी आणि दांडा यांपैकी ज्याचा मंजूर दाब सर्वांत कमी, तोच संपूर्ण जोडणीचा धरतात. दरपत्रकात दांड्याचा उल्लेख नसेल तर ते अपुरे आहे.

आणि एक काम आजच करा. कमानीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांवर, वळण आणि सरळ भिंत यांच्यामधल्या त्रिकोणी भागावर, आतून बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा. ब्लॉकच्या भिंतीसारखा भरीव आवाज येतो की पोकळ, ते कळवा.

घरधनी

ठोकून पाहिले. दोन्ही कोपऱ्यांत पोकळ आवाज येतो. काल संध्याकाळी उजव्या कोपऱ्यातील जिप्सम बोर्डाचा तळहाताएवढा तुकडा कापून काढला. आत ब्लॉक नाहीच. वर सरळ काँक्रीटचे लिंटेल आहे, बाजूला सरळ ब्लॉक आहे, आणि कोपऱ्यात लाकडाच्या तुकड्यांचा सांगाडा करून त्यावर जाळी आणि गिलावा मारलेला आहे. म्हणजे मूळ उघडी जागा चौकोनीच आहे! सर्वांत खालच्या तुकड्याला पाणी लागून लाकूड मऊ पडले आहे, स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो. आता काय करावे?

वळचण

शंका होतीच, तिसरा कंत्राटदार बहुधा तेच पाहून निघून गेला असावा. या भागात अशा देखाव्याच्या कमानी अनेक घरांत आढळतात. कमानदार चौकटीचे स्क्रू त्या लाकडात गेले, तर कितीही चांगली काच आणली तरी वादळाचा भार शेवटी त्या मऊ तुकड्यांवर येतो.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, कुजलेला सांगाडा काढून अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे नवा भराव करावा, तो लिंटेलला आणि ब्लॉकला पक्का बांधावा आणि त्यात कमानदार खिडकी बसवावी. त्यासाठी शिक्क्यासह रेखाचित्र लागेल आणि परवान्याच्या वेळी ते द्यावे लागेल. दुसरा, मूळ चौकोनी जागेत चौकोनी इम्पॅक्ट खिडकी बसवावी, स्क्रू थेट काँक्रीटमध्ये घालावेत आणि कमान केवळ बाहेरच्या सजावटीपुरती हलक्या साहित्यात ठेवावी. मी स्वतः दुसरा मार्ग घेईन. आपल्या पहिल्या कंत्राटदाराचा सल्ला शेवटी बरोबर निघाला, परंतु त्याचे कारण त्याला ठाऊक होते की नाही, याबद्दल मला शंका आहे.

रेघोटी

मी पहिला मार्ग घेईन. आतून कमानीचा उजेड भिंतीवर कसा उतरतो, हे ज्याने रोज पाहिले आहे त्याला चौकोनी काच रुचणार नाही. भराव नीट केला तर तो टिकतो. मात्र साचा नव्या भरावावरून घ्यावा, त्याआधी काहीही मागवू नये.

घरधनी

घरात मतदान झाले. जेवणघरातील कमान सौभाग्यवतींच्या आग्रहाने राहणार आहे, म्हणजे पहिला मार्ग. अभियंत्याला मंगळवारी बोलावले आहे. गवाक्षाभोवती ठोकून पाहिले, तेथे सर्व बाजूंनी भरीव आवाज आला. तिरक्या खिडकीचा साचा मुलाने पुठ्ठ्यावर कापला आणि त्यावर दोन्ही बाजू लिहिल्या. १ जूनपूर्वी सर्व होणे अवघड दिसते, त्यामुळे यंदापुरती मंजूर पॅनल्स भाड्याने किंवा उसनी मिळतात का, तेही पाहतो आहे.

पाऊसपाणी

माझ्याकडे जुनी पॅनल्स पडून आहेत. व्यक्तिगत संदेशात मापे पाठवा.

वळचण

पॅनल्स लावण्याआधी त्यांचे स्क्रू ब्लॉकमध्ये किती खोल जातात ते पाहा, कमानीच्या लाकडी भागात त्यांना धरू देऊ नका. आणि नव्या खिडक्या आल्यावर काचेवरचे मंजुरीचे लेबल अंतिम तपासणी होईपर्यंत कोणालाही सोलू देऊ नका, विशेषतः घर आवरण्याचा उत्साह असलेल्या कोणाला.

घरधनी

लेबलांची सूचना घरात फ्रिजवर लावली आहे. आताच दुसऱ्या कंत्राटदाराचा फोन येऊन गेला. रंग ठरला का, असे विचारत होता.